विज्ञानमालिकेत तिसऱ्या भागापासून घर पुसट होते, ते कसे टाळावे?

जांभाकातळ
राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत घडणारी विज्ञानमालिका लिहायला घेतली आहे. आठ भाग, प्रत्येकी तीस मिनिटे. घरात पाच माणसे: आजी, बाबा (मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख), आई (अंगणवाडी सेविका), मनवा (वय १९) आणि आठवीतला भाऊ. सड्यावरच्या (वाडीच्या वरच्या सपाट खडकाळ माळावरच्या) कातळात एक जागा आहे, तिथून मनवा दुसऱ्या काळात जाते आणि परत येते.

पहिल्या दोन भागांत घर जिवंत आहे. तिसऱ्यापासून आई चहा आणते, आजी "कुठे होतीस" विचारते, की लगेच पुन्हा सडा. घरातला प्रसंग वाढवला की गोष्ट थांबते, काढला तर मनवा कुठल्याही गावची कुठलीही मुलगी होते. ज्या मालिकांनी संसार आणि साहस यांची सांगड नीट घातली त्यांनी नेमके काय केले? 'नात्यांवर भर द्या' असे मोघम नको. कुठला प्रसंग, किती लांबीचा, कुठे फसतो आणि का, असे सांगा.

खाडीपलीकडे
याचे सगळ्यात उघड उदाहरण म्हणजे 'डॉक्टर हू' या काळात फिरणाऱ्या 'डॉक्टर'च्या ब्रिटिश विज्ञानमालिकेतला 'द पॉवर ऑफ थ्री' हा भाग, २२ सप्टेंबर २०१२ चा. एका रात्रीत जगभर छोटे काळे ठोकळे येऊन पडतात आणि काहीच करत नाहीत. जवळजवळ वर्षभर. तेवढ्यात डॉक्टरसोबत फिरणाऱ्या एमी आणि रोरी या जोडप्याचा संसार चालू राहतो. रोरी परिचारक आहे, तो रुग्णालयात पूर्ण वेळ काम पत्करतो. एमी मैत्रिणीच्या लग्नात करवली व्हायचे कबूल करते. म्हणजे दोघेही पुढच्या तारखा देऊ लागतात. जो माणूस कधीही साहसावर निघून जातो तो तारीख देत नाही, त्यामुळे त्या दोन होकारांतच प्रेक्षकाला कळते की पारडे कुठे झुकते आहे.

दुसरी गोष्ट, संकट घरातच ठेवले आहे. ठोकळे टेबलावर, फडताळात पडून असतात. तुमचे संकट सड्यावर आहे आणि घर खाली वाडीत आहे, म्हणून मनवाला दर वेळी चढून जावे लागते आणि घर मागे राहते. कातळातली एखादी वस्तू घरी येऊ द्या. न्हाणीघरात कपडे धुवायचा दगड म्हणून वापरात येऊ द्या.

फसले कुठे, तेही सांगतो. वर्षभर हळूहळू साठवलेले सगळे शेवटच्या काही मिनिटांत डॉक्टर एका यंत्राशी खटपट करून सोडवतो. घराने जी वाट पाहिली तिचा उत्तराशी संबंधच राहत नाही.

मोहोर
खाडीपलीकडे, विश्लेषण पटले, पण तो भाग नमुना म्हणून घेऊ नये. तो एकटा भाग आहे. आधीचे कितीतरी भाग नुसत्या धावपळीचे गेले म्हणून ते घरबसले वर्ष नवे वाटले. आठ भागांच्या मालिकेत ही सोय नाही.

त्यापेक्षा २००५ मधला 'एलियन्स ऑफ लंडन' पाहा. डॉक्टर त्याच्यासोबत फिरणाऱ्या रोझला बारा तासांनी घरी आणतो असे त्याला वाटते, प्रत्यक्षात बारा महिने गेलेले असतात. आईने हरवल्याची पत्रके लावलेली, रोझच्या मित्रावर खुनाचा संशय आलेला. आई डॉक्टरच्या कानाखाली वाजवते. हा सगळा खर्च घराने सोसलेला आहे आणि तो पुढच्या भागांतही फिटत नाही. त्या मित्राच्या वागण्यात तो राहतो.

म्हणून माझा पहिला प्रश्न आकड्याचा. मनवा तिकडे एक तास असली तर वाडीत किती वेळ जातो? ती निघाली त्याच क्षणी परत येत असेल तर घराला काहीच मोजावे लागत नाही, आणि मग घर पुसट होणारच. तुमचा दोष संवादांत नसून या आकड्यात असावा.

जांभाकातळ
सध्या तसेच आहे. ज्या क्षणी जाते त्याच क्षणी परत. गैरसोयीचे स्पष्टीकरण टाळायला तसे केले होते.

तरवा_लावणी
मग ते बदला. तिकडचा एक तास म्हणजे इकडचा एक दिवस धरा. आणि तिसरा भाग भाताच्या लावणीत टाका.

शेतीचे घड्याळ कुणासाठी थांबत नाही. पेरा जूनच्या पहिल्या पावसावर. तरवा (भाताची रोपे) एकवीस ते पंचवीस दिवसांचा झाला की काढून लावायचा. त्यापुढे दाढीत (रोपे वाढवायच्या वाफ्यात) राहिला तर लावल्यावर फुटवे कमी येतात, म्हणजे लोंब्याच कमी. त्यात पाऊस उघडला तर चिखलणी (लावणीसाठी शेताचा चिखल करणे) करता येत नाही, आणि चिखलणी झाली की त्यात लावणी लगेच उरकावी लागते, नाहीतर चिखल बसतो आणि रोप खोवताना बोटे दुखतात. लावणीला घरातले प्रत्येक माणूस मोजलेले असते. शेजारची माणसे आपल्या शेतावर आली की त्यांची फेड म्हणून आपण त्यांच्याकडे जायचे असते.

आता मनवा सड्यावर पाच तास अडकली. खाली पाच दिवस गेले. तरवा तिसाव्या दिवसावर गेला, शेजाऱ्यांची फेड राहिली, आजी या वयात चिखलात वाकून उभी आहे. मनवा परत येते तेव्हा कुणी "कुठे होतीस" विचारतच नाही. आई तिच्या हातात तरव्याची जुडी देते आणि पुढच्या ओळीत उभी करते. दोन मिनिटांचा प्रसंग, संवाद शून्य.

भरती
तरवा_लावणी यांच्याशी पूर्ण सहमत, त्यात एक भर. बाबा तांडेल आहेत ना? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. एकसष्ट दिवस. म्हणजे लावणीच्या वेळी बाबा घरी असणारच. जाळी उसवत-शिवत पडवीत बसलेले. तुमच्या तिसऱ्या भागात ते समुद्रावर गेलेले दाखवले असतील तर कोकणातला कुठलाही प्रेक्षक तिथेच पकडेल.

हे कथेला पोषकच आहे. वर्षभर जो माणूस बाहेर असतो आणि 'साहस' ज्याचा पोटाचा धंदा आहे, तो नेमका घरात असताना मुलगी गायब होते. समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट पाहायची सवय घराला आहे. वाट पाहणाऱ्यांत स्वतः बसायची सवय बाबांना नाही.

सुरूची_बाग
हा शेवटचा मुद्दा फार आवडला. तीन पिढ्या ज्या बायकांनी किनाऱ्यावर उभे राहून बोटी मोजल्या, त्यांना काळाच्या पलीकडे गेलेले माणूस ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

कॅमेरामागचा
थोडे खर्चाचे आणि पानांचे. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. तीस पाने हातात. त्यात दुसऱ्या काळातली सहा-सात पानेच परवडतील असे धरा, कारण तिथे प्रत्येक गोष्ट बनवावी लागते. घर मात्र आयते आहे. त्यामुळे घराला जास्त पाने देणे सक्तीचेच ठरते, आणि म्हणून घरातला प्रत्येक प्रसंग कथा पुढे ढकलणारा हवा.

तपासायची पद्धत अशी. प्रत्येक प्रसंग एका चिठ्ठीवर. घराला पिवळी, सड्याला निळी. ओळीने मांडा. तीन पिवळ्या सलग आल्या तर गोष्ट थांबते, तीन निळ्या सलग आल्या तर घर विसरले जाते. मग एकेक पिवळी उचलून पाहा: ती काढल्यावर पुढची निळी अडते का? अडत नसेल तर तो प्रसंग शोभेचा आहे. उलटही करायचे. निळी काढून पिवळी अडते का पाहायचे. हे उलटे सहसा कुणी करत नाही आणि घोटाळा तिथेच असतो.

चित्रणाचे: पावसात पडवीतला संवाद पत्र्याखाली घेऊ नका, आवाज वाया जातो. कौलारू छप्पर बघा. सुरूच्या बनातला वारा कानाला गोड लागतो पण ध्वनिमुद्रणात सतत सूं ऐकू येते.

आणि कळकळीची विनंती, खऱ्या कातळशिल्पावर (सड्यावर कोरलेल्या प्राचीन चित्रांवर) पाय ठेवू नका. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे ही ठिकाणे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत असलेल्या कोकणातल्या कातळशिल्पांपैकी आहेत. कॅमेऱ्यात रेघ उठून दिसावी म्हणून खडूने किंवा रंगाने गिरवणे हा सरळ गुन्हा मानावा. आठ बाय सहा फुटांचा फळा करून त्यावर प्लास्टर, वर जांभ्याचा चाळलेला चुरा, रेघा ओल्यातच कोरायच्या. तिरपा उजेड दिला की खऱ्यासारख्या दिसतात. उजेड सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी पाचनंतर, दुपारी सडा सपाट दिसतो.

दशावतारप्रेमी
पिवळ्या-निळ्या चिठ्ठ्यांची युक्ती उत्तम, पण तीन-तीनच्या नियमावर माझा विश्वास नाही. १९९० चा 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चा 'फॅमिली' हा भाग पाहा. मालिका अंतराळयानावरची, पण संपूर्ण भागात यानाचा नियंत्रण कक्ष एकदाही दिसत नाही. कप्तान गावी जातो, भावाच्या द्राक्षमळ्यात, आणि दोघे भाऊ चिखलात लोळून भांडतात. सगळ्या चिठ्ठ्या पिवळ्याच. तरी थांबत नाही, कारण आधीच्या साहसात त्याच्यावर जे गुदरले ते इथे बाहेर पडते.

कॅमेरामागचा
मान्य. साहसाची जखम घरात उघडत असेल तर सलग दहा पिवळ्या चालतील. नियम पहिल्या खर्ड्यासाठी धरा.

बेडे
जरा वेगळा मुद्दा, शब्दाचा. तुमच्या पात्रांनी त्या जागेला 'पोर्टल' म्हणू नये. घराभोवती गडगा (दगडी कुंपण) असतो आणि गडग्याला बेडे (फाटक) असते. आजी त्या जागेला बेडेच म्हणेल. आणि बेडे उघडे राहिले की गुरे आत येतात, हे पोरासोरांनाही ठाऊक. म्हणजे तिकडूनही काही इकडे येऊ शकते, हे आजीला विज्ञान न शिकवता कळलेले असेल. "बेडे लावलेस का?" हा तिचा रोजचा प्रश्न. पहिल्या भागात तो गुरांबद्दल, पाचव्यात सड्याबद्दल.

दशावतारप्रेमी
फारच छान. आणि आजी देवाला गाऱ्हाणे घालेल ते मालवणीत असू द्या. "जेवलंस काय?" "खय गेल्लंस?" हा लहेजा प्रमाण भाषेत उतरत नाही.

बेडे
गाऱ्हाण्याला हो, मालवणीला नाही. गाव राजापूरकडचे आहे. मालवणी दक्षिणेला, सिंधुदुर्गात. रत्नागिरीच्या बाजूला संगमेश्वरी बोली वेगळी पडते. आजीचे माहेर कुडाळ-सावंतवाडीकडचे केलेत तर ती मालवणी बोलेल आणि बाकी घर बोलणार नाही. मग आजी घाबरली की माहेरच्या बोलीत जाते, एवढी खूण पुरे.

जांभाकातळ
बेडे घेतले. आजीचे माहेरही कुडाळकडचे केले. एक तास म्हणजे एक दिवस हेही पक्के. पण आता उलटी अडचण आली. ती पाच दिवस नसते तर घरातल्यांना पहिल्यांदाच सगळे कळेल. रहस्य आठ भाग कसे टिकणार?

मोहोर
टिकवू नका. एकेका माणसाला एकेका भागात कळू द्या, आणि ज्याला कळते त्याच्या रोजच्या कामातून कळू द्या.

आई अंगणवाडीत दर महिन्याला मुलांची वजने-उंच्या नोंदवते. शरीर बारकाईने पाहणे हे तिचे काम आहे. घरात लग्न आहे, सगळ्यांच्या हातांवर एकाच रात्री मेंदी काढली आहे. लग्नानंतर मनवा दहा तास तिकडे. परत येते तेव्हा दहा दिवस गेलेत. ताक घुसळताना चुलत वहिनीच्या हातावरची मेंदी नखांपुरती उरलेली, तळव्यावर नुसता पिवळसर डाग. शेजारी मनवाचा हात, तोच गर्द लाल. आई दोन्ही हात बघते आणि रवी थांबते. बस. ओरडणे नाही, प्रश्न नाही. रात्री ती मनवाची उंची दाराच्या चौकटीवर खूण करून ठेवते.

आणि शेवटच्या भागांसाठी साका. आढीतला (पेंढ्यात पिकायला घातलेला) हापूस वरून निर्मळ, वास घमघमीत, रंग पिवळाजर्द, आणि कापला की गर पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस. बाहेरून ओळखता येत नाही. तिकडून कुणी मनवासारखे परत आले तर आजीच्या तोंडी एवढाच शब्द पुरे.

तरवा_लावणी
साका जबरदस्त. आढीचे तपशील चुकवू नका. आंबा झेल्याने (काठीला बांधलेल्या जाळीने) देठासकट काढायचा, देठ तुटला की चीक सालीवर ओघळून डाग पडतो. भाताचा पेंढा खाली, आंबे एक-दोन थरांत, वर पुन्हा पेंढा. आठ-दहा दिवसांत तयार होतो. मधे रोज चाळवून बघावे लागते, एक कुजला की शेजारचे धरतो. आढी चाळवणारे माणूस दहा दिवस घर सोडू शकत नाही. हे वाक्य पटकथेत कुठेतरी लिहून ठेवा.

खाडीपलीकडे
यावरून मूळ प्रश्नाकडे येतो. वर मी 'द पॉवर ऑफ थ्री'चा शेवट फसला म्हटले. तो जमलेला शेवट त्याच मालिकेत दोन वर्षे आधी आहे, १२ जून २०१० च्या 'द लॉजर'मध्ये. डॉक्टर एका साध्या माणसाकडे, क्रेगकडे, भाडेकरू म्हणून राहतो. छताला ओल आल्यासारखा डाग पडतो आणि वाढतो. वरच्या मजल्यावर कुणीतरी राहते असे सगळे समजतात. प्रत्यक्षात त्या घराला वरचा मजलाच नाही, ते मजला भासवणारे यान आहे. त्याला चालक हवा आहे आणि ज्यांना कुठेतरी निघून जायचे आहे अशांना ते खेचते. क्रेगला कुठेही जायचे नाही. त्याला तो सोफा हवा आहे आणि त्याची मैत्रीण सोफी हवी आहे. तो यानावर हात ठेवतो आणि त्याच्या या न जाण्याच्या इच्छेने यान बंद पडते.

इथे संसार साहसाला पुरून उरतो आणि तेही साहसाच्याच नियमाने. तुमच्या कातळाचा नियम असा काही ठेवता येईल का, की त्याचे उत्तर आढी चाळवणाऱ्या माणसाकडेच असेल?

सुरूची_बाग
एक धोका सांगते. घरी राहणाऱ्या बाईची थोरवी गाऊन तिला तिथेच बसवायचे, असा याचा अर्थ व्हायला नको. 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' या मालिकेत केको वनस्पतिशास्त्रज्ञ आहे. नवऱ्याची नोकरी अंतराळस्थानकावर, तिथे तिला काम नाही, म्हणून ती शाळा काढते. पुढे मुले निघून गेल्याने शाळा बंद पडते. १९९४ च्या 'द हाउस ऑफ क्वार्क'मध्ये नवरा तिला खूष करायला मालाच्या कोठारात बाग करून द्यायचे ठरवतो. मित्र त्याला सांगतो की हा विरंगुळा झाला, तिला तिचा पेशा हवा आहे. शेवटी तीच सहा महिन्यांच्या मोहिमेवर जाते आणि तो मागे राहतो.

तुमच्या आईला नुसती वाट पाहायला लावू नका. एकदा तरी तिने बेड्यापलीकडे जावे आणि मनवाने तरवा सांभाळावा.

जांभाकातळ
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून आराखडा नव्याने मांडला. जून ते मे असे एक वर्ष. तिसरा भाग लावणी, बाबा घरी. चौथा लग्न आणि मेंदी... नाही, पावसाळ्यात लग्न चालणार नाही, ते तुळशीच्या लग्नानंतर हवे, म्हणून मेंदी पाचव्यात. चौथ्यात गणपती, घरात चाकरमानी, मनवाला बाहेर पडायला जागाच नाही. आठवा भाग आढी आणि साका.

सहाव्यात आई जाते. मार्गशीर्षातली अष्टमी धरली आहे. कातळातली दुसरी जागा खाडीपलीकडे निघते, आई दुपारी बाराला ओहोटीत डबा घेऊन चालत खाडी ओलांडते. तिथीप्रमाणे हे बरोबर आहे ना?

भरती
वेळ बरोबर, तिथी चुकली.

भरतीच्या वेळेचा ठोकताळा असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, म्हणून भरती साधारण सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास. इथपर्यंत तुमचे जमते. पण अष्टमीला भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, असते. भरती मोठी नाही आणि ओहोटीही खोल जात नाही. पाणी मधल्या पन्हाळीत कमरेच्या वर राहील, डबा डोक्यावर घेऊनही बाई ओलांडणार नाही.

चालत जायचे तर उधाण हवे, म्हणजे अमावस्या किंवा पौर्णिमा. तेव्हा भरती बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळी सहाच्या. तीच खोल जाते आणि खाडीचा तळ उघडा पडतो. मार्गशीर्ष अमावस्या घ्या. चंद्र नाही, सहाला अजून अंधार, साडेसहाला तांबडे फुटते. पाणी फिरायच्या आधी तिला अर्धा-पाऊण तास मिळेल. कालवांच्या खडकांवरून जाऊ नका, पाय कापतो. चिखलाच्या कडेने वाळूचा पट्टा असतो, तो धरायचा.

कॅमेरामागचा
मग डबा ॲल्युमिनियमचा घ्या, कडीचा. त्या उजेडात स्टील काळे दिसते. आणि दोन अमावस्या हातात ठेवा, एका सकाळी हे पुरे होणार नाही.